पोस्टरवरच्या सालातून चार वर्षं वजा करा

बेळगावच्या शहापूरचा कट्टा असो की खानापूरचा बसस्टँड, ॲनिमेशनपटांवरचा वाद एकदा पेटला की ठरलेल्या तीन वाक्यांवर येतो. "पहिलाच भारी होता." "आता नुसते पैशासाठी दुसरे-तिसरे भाग काढालेत." आणि तिसरं, "डिस्नेनं पिक्सार विकत घेतली आणि वाट लावली." (पिक्सार म्हणजे 'टॉय स्टोरी' काढणारा अमेरिकेतला ॲनिमेशन स्टुडिओ.) तिन्ही वाक्यांत थोडं थोडं खरं आहे. पण ती सिद्ध करायला जो पुरावा दिला जातो तो असतो सिनेमा थिएटरला लागल्याच्या सालाचा, आणि गणित तिथंच चुकतं.

ॲनिमेशनपट पडद्यावर येतो तेव्हा त्याचे मोठे निर्णय साधारण चार-पाच वर्षांपूर्वी झालेले असतात. कथा कुणी निवडली, दिग्दर्शक कोण नेमला, मूळ कथा करायची की जुन्याचा पुढचा भाग, हे सगळं तेव्हाच ठरतं. म्हणून "२०११ ला स्टुडिओ घसरला" असं म्हणायचं असेल तर २००६-०७ मध्ये त्या इमारतीत काय चाललं होतं ते बघावं लागतं. सालातून चार वजा करायची ही एक सवय लावून घेतली की निम्मे वाद मिटतात आणि उरलेले जास्त रंगतात.

चार वर्षं जातात कुठं

उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम करणारं कुणी घरात असेल तर हे पटकन कळेल. ओतकामात आधी पॅटर्न होतो, त्यावरून वाळूचा साचा, मग त्यात धातूचा रस. पॅटर्न करताना कितीही वेळ गेला तरी चालतो, कारण लाकूड तासता येतं. रस ओतून थंड झाला की तासायला काही उरत नाही. पॅटर्नच चुकला असेल तर त्यावरून निघणारा प्रत्येक नग चुकीचाच निघतो.

ॲनिमेशनपटाचा पॅटर्न म्हणजे कथारील. कथाचित्रकार प्रत्येक प्रसंगाची साधी रेखाटनं काढतात. ती हजारोंच्या संख्येत असतात. ती एकापाठोपाठ एक लावून, स्टुडिओतल्याच लोकांचे तात्पुरते आवाज आणि कुठलं तरी उसनं संगीत घालून अख्खा सिनेमा दीड तासाचा करून बघतात. बघून झालं की फोडतात. पुन्हा रेखाटतात, पुन्हा बघतात. हे चक्र दर काही महिन्यांनी, सलग दोन-तीन वर्षं चालतं. पिक्सारमध्ये या बैठकीत दुसऱ्या सिनेमांचे दिग्दर्शक येऊन बसतात आणि काय खटकलं ते तोंडावर सांगतात. दुरुस्ती कशी करायची ते मात्र त्या सिनेमाच्या दिग्दर्शकावर सोडतात.

त्यानंतरचे टप्पे खर्चाचे. खऱ्या कलाकारांचे आवाज आधी रेकॉर्ड होतात आणि त्या आवाजावर पात्राचे ओठ, भुवया, खांदे हलवले जातात. बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं. चित्र आधी आणि आवाज नंतर ही पद्धत डबिंगची. मग मॉडेलिंग, म्हणजे पात्राचा आकार घडवणं. मग रिगिंग, म्हणजे त्या आकाराच्या आत सांगाडा आणि दोऱ्या बसवणं, जेणेकरून ॲनिमेटरला एक खुंटी ओढली की ओठाचा एकच कोपरा वर नेता येईल. कॅमेरा कुठं ठेवायचा ते लेआउटमध्ये ठरतं. हालचाल झाली की केस आणि कपड्यांचं गणित, मग प्रकाश, आणि शेवटी रेंडरिंग, म्हणजे संगणकानं एकेक फ्रेम रंगवून देणं.

फ्रेमचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला २४, मिनिटाला १,४४०, नव्वद मिनिटांना १,२९,६००. १९९५ चा 'टॉय स्टोरी' हा पूर्ण संगणकावर केलेला पहिला कथापट. ८१ मिनिटांच्या त्या सिनेमाच्या सुमारे १ लाख १४ हजार फ्रेम होत्या आणि त्या रंगवायला ११७ संगणक रात्रंदिवस चालत होते. आताचे संगणक कितीतरी पटींनी वेगवान आहेत, तरी फ्रेमला लागणारा वेळ म्हणावा तसा कमी झालेला नाही, कारण जेवढा वेग वाढतो तेवढा तपशील वाढवला जातो. २००१ च्या 'मॉन्स्टर्स, इंक.'मधल्या सली या केसाळ राक्षसाच्या अंगावर २३ लाखांहून जास्त केस होते. सहा वर्षांपूर्वीच्या खेळण्यांना प्लॅस्टिकची गुळगुळीत कातडी पुरली होती.

चूक होते ती बहुतेक वेळा पॅटर्नमध्ये. नोव्हेंबर १९९३ मध्ये 'टॉय स्टोरी'चं कथारील डिस्नेच्या लोकांना दाखवलं तेव्हा त्यातलं मुख्य खेळणं, वुडी, इतका तुसडा आणि टोचून बोलणारा होता की काम थांबवावं लागलं आणि पटकथा नव्यानं लिहावी लागली. 'रॅटटूई'चा दिग्दर्शक २००५ मध्ये बदलला, सिनेमा २००७ ला आला. 'द गुड डायनासोर'चा दिग्दर्शक २०१३ मध्ये बदलला, सिनेमा २०१४ वरून २०१५ वर गेला आणि २०१४ मध्ये पिक्सारचा एकही सिनेमा आला नाही. म्हणजे दिग्दर्शक बदलणं हे काही घसरणीचं लक्षण नाही. 'रॅटटूई' त्यातून तावून सुलाखून निघाला, 'डायनासोर' तेवढा निघाला नाही.

पिक्सारचं खातं

आता वजाबाकी करून बघू. १९९५ ते २००९ या काळात पिक्सारनं दहा सिनेमे काढले. त्यात पुढचा भाग फक्त एक, 'टॉय स्टोरी २'. २०१० ते २०१९ या काळात अकरा काढले. त्यातले सात जुन्या सिनेमांचे पुढचे किंवा आधीचे भाग, आणि मूळ कथा फक्त चार: 'ब्रेव्ह', 'इनसाइड आउट', 'द गुड डायनासोर', 'कोको'. कट्ट्यावरची तक्रार आकड्यांत बसते. तरी "कल्पना आटल्या" हे कारण नव्हे. खरं कारण एका करारात आहे.

फेब्रुवारी १९९७ मध्ये पिक्सार आणि डिस्ने यांचा पाच सिनेमांचा करार झाला. त्यातलं एक कलम फार महत्त्वाचं: पुढचा भाग पाचांत मोजला जाणार नाही. म्हणजे दुसरा भाग केला तर तीन-चार वर्षांची मेहनत जाते आणि करारातून सुटका एका पावलानंही जवळ येत नाही. 'टॉय स्टोरी २' आधी थेट व्हिडिओ कॅसेटसाठी होता. तो थिएटरला न्यायचं ठरलं, १९९९ मध्ये आला आणि तरीही पाचांत धरला गेला नाही. मग मूळ कथाच करायच्या, यात पिक्सारच्या कलानिष्ठेचा वाटा होता, पण कागदावरच्या त्या ओळीचाही होता.

पुढच्या भागांचा हक्क डिस्नेकडे होता. २००४ च्या सुरुवातीला बोलणी फिसकटली तेव्हा पिक्सारच्या पात्रांचे पुढचे भाग पिक्सारशिवाय करायला डिस्नेनं सर्कल सेव्हन नावाचा वेगळा स्टुडिओच काढला. तिथं 'टॉय स्टोरी ३'ची एक वेगळी कथाही लिहून झाली होती. २००६ मध्ये डिस्नेनं ७४० कोटी डॉलरचे शेअर देऊन पिक्सार घेतली, सर्कल सेव्हन बंद झाला, आणि ते कलम अर्थहीन झालं. आता पुढचा भाग केला तरी तो घरचाच.

२००६ मध्ये चार मिळवा, २०१० येतं. 'टॉय स्टोरी ३' २०१० चा, 'कार्स २' २०११ चा, 'मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी' २०१३ चा. आणि विक्रीनंतर आलेले 'रॅटटूई', 'वॉल-ई', 'अप' हे तिन्ही त्याआधीच भट्टीत होते. "डिस्नेनं घेतल्यावरही तीन वर्षं भारी सिनेमे आले की" हा युक्तिवाद म्हणून टिकत नाही. ते जुन्या पेरणीचं पीक.

पण हिशेब दोन्ही बाजूंनी धरायला हवा. त्याच व्यवहारात पिक्सारच्या एड कॅटमल आणि जॉन लॅसेटर यांच्याकडे डिस्नेच्या स्वतःच्या ॲनिमेशन विभागाचीही सूत्रं गेली. तो विभाग तेव्हा पार खचला होता. पुन्हा चार मिळवा: 'टँगल्ड' २०१०, 'रेक-इट राल्फ' २०१२, 'फ्रोझन' २०१३. एका अंगणातला जोर दुसऱ्या अंगणात गेला असं म्हणणं "वाट लावली" यापेक्षा खऱ्याच्या जास्त जवळ आहे.

जुना काळ सोन्याचा म्हणताना एक गोष्ट विसरू नये. 'टॉय स्टोरी २' शेवटच्या नऊ महिन्यांत जवळजवळ नव्यानं केला गेला. सिनेमा अप्रतिम झाला. पण काम संपेपर्यंत सुमारे एक तृतीयांश लोकांच्या हाता-मनगटांना सततच्या ताणामुळे दुखापत झालेली होती. शहापूर-वडगावात मागावर बसणाऱ्या घरांना हे दुखणं समजावून सांगायची गरज नाही. पडद्यावर ते दिसत नाही, म्हणून श्रेष्ठ काळाच्या यादीत ते कुणी धरत नाही. धरायला हवं.

२०२० नंतरचा काळ मोजताना वेगळीच अडचण आहे. 'सोल', 'लुका' आणि 'टर्निंग रेड' हे तीन सिनेमे बहुतेक देशांत थेट घरच्या पडद्यावर आले. त्यांचे तिकीटबारीचे आकडे काढून "बघ, पडले" म्हणणं म्हणजे बाजारात न नेलेल्या भाजीला भाव आला नाही म्हणण्यासारखं. २०२३ चा 'एलिमेंटल' पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत तीन कोटी डॉलरच्या आत राहिला आणि सगळीकडे 'फ्लॉप' छापून आलं. पुढं लोक एकमेकांना सांगत गेले आणि जगभरातली कमाई पन्नास कोटी डॉलरच्या जवळ पोचली. पहिल्या आठवड्यावरून निकाल देऊ नये, एवढं त्यावरून नक्की घ्यावं.

डिस्नेची चढण आणि उतरण

हातानं काढलेल्या डिस्नेपटांचा दुसरा बहर १९८९ च्या 'द लिटल मरमेड'पासून १९९९ च्या 'टार्झन'पर्यंत धरतात. १९८९ मधून पाच वजा करा. १९८४ मध्ये मायकेल आयस्नर, फ्रँक वेल्स आणि जेफ्री कॅट्झनबर्ग हे नवे कारभारी आले. पुढच्याच वर्षी जुन्या कारभारातला 'द ब्लॅक कॉल्ड्रन' आपटला. मग गीतकार हॉवर्ड ॲशमन आणि संगीतकार ॲलन मेंकन ही रंगभूमीवरची जोडी आली आणि गाणं हा कथेचा सांधा झाला. पात्राला काय हवंय ते पहिल्या वीस मिनिटांत गाण्यातून कळायचं. संगीत नाटक बघितलेल्या घरात हे तंत्र ओळखीचं वाटेल: नांदीनंतर थोड्याच वेळात नायिकेचं मन पदातून उलगडतं, तसंच.

१९९१ मध्ये ॲशमन गेले. १९९४ मध्ये वेल्स हेलिकॉप्टर अपघातात गेले आणि त्याच वर्षी कॅट्झनबर्ग बाहेर पडून ड्रीमवर्क्सच्या उभारणीला लागले. 'द लायन किंग' १९९४ चा, म्हणजे सगळ्यात मोठं यश आणि घर फुटणं एकाच वर्षी. १९९४ मध्ये चार-पाच मिळवले की बहराचा शेवट येतो. दोन्ही टोकांना एवढी नीट वजाबाकी क्वचित लागते.

याच स्टुडिओच्या सिक्वेलबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय. 'अलादीन'चा दुसरा भाग म्हणून आलेला १९९४ चा 'द रिटर्न ऑफ जाफर' किंवा त्यानंतर कॅसेट आणि डीव्हीडीवर आलेले बरेचसे दुसरे भाग हे मुख्य स्टुडिओचे नव्हतेच. ते टीव्ही मालिका करणाऱ्या शाखांमध्ये, खूप कमी पैशांत झाले. 'अलादीन'शी त्याची तुलना करून "बघ कसं घसरलं" म्हणणं चूक. मुख्य स्टुडिओनं थिएटरसाठी केलेला पहिला दुसरा भाग १९९० चा 'द रेस्क्युअर्स डाउन अंडर'. तो पूर्णपणे संगणकावर रंगवलेला पहिला डिस्नेपट आहे. तिकीटबारीवर तो चालला नाही, पण त्यात पारखून घेतलेल्या पद्धतीवरच पुढं 'ब्यूटी अँड द बीस्ट'मधला नाचाचा दिवाणखाना उभा राहिला. न चाललेला सिनेमाही असा पाया घालून जातो.

जपानच्या घिबलीबद्दल थोडक्यात. १९८५ चा स्टुडिओ, आणि कथापटाचा दुसरा भाग नाहीच. तिथं काळ मोजायचा तो हयाओ मियाझाकी आणि इसाओ ताकाहाता या दोन माणसांवरून. १६ एप्रिल १९८८ रोजी 'माय नेबर टोटोरो' आणि 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' एकाच तिकिटावर लागले. एक झोपाळू जंगलदेव, दुसरं युद्धात उपासमारीनं मरणारी भावंडं. कुणी "घिबलीचा सर्वोत्तम दिवस" विचारला तर हा सांगावा.

दुसरा भाग नेमका कशानं फसतो

पॅटर्न तयार आहे, मग दुसरा ओतीव नग स्वस्तात निघेल, असं कुणालाही वाटतं. ॲनिमेशनमध्ये इथं फौंड्रीची उपमा मोडते. 'टॉय स्टोरी ३' सुरू करताना जुन्या फायली उघडल्या, पण नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्या बदलता येईनात. वुडी आणि बझ पुन्हा पहिल्यापासून घडवावे लागले. म्हणजे खर्च फारसा वाचत नाही. वाचते ती जाहिरात, कारण नाव आधीच घराघरांत गेलेलं असतं. आणि खेळणी विकतात. 'कार्स'च्या तिकिटांपेक्षा त्यातल्या गाड्यांच्या विक्रीचे आकडे कितीतरी मोठे होते. 'कार्स २' का आला याचं उत्तर समीक्षेत शोधू नये, खेळण्यांच्या दुकानात शोधावं.

खरी अडचण कथेची आहे. चांगल्या पहिल्या भागात नायकाची एक खोट असते आणि शेवटी ती भरून निघते. वुडीची असूया संपते, 'फाइंडिंग निमो'त निमोच्या बापाची भीती सुटते. दुसऱ्या भागाला आता खोट आणायची कुठून? लेखक तीन वाटा धरतात. वय पुढं नेणं ही पहिली. 'टॉय स्टोरी ३'मध्ये खेळण्यांचा मालक अँडी कॉलेजला निघतो, 'हाउ टू ट्रेन युवर ड्रॅगन'मधला हिकप मोठा होऊन बापाच्या जागी येतो, 'इनसाइड आउट २'मधली रायली तेरा वर्षांची होते. ही वाट सगळ्यात भक्कम, कारण नवी खोट वयाबरोबर आपोआप येते. दुसरी वाट बाजूच्या पात्राला मध्ये आणण्याची. 'फाइंडिंग डोरी'त ती जमली, कारण डोरीचं विसरणं हे मुळात दुःखच होतं, पहिल्या भागात आपण त्याला हसलो होतो एवढंच. 'कार्स २'मध्ये पहिल्या भागातल्या मेटर या विनोदी गाडीला नायक केलं आणि ते जमलं नाही. चवीपुरतं असलेलं पात्र ताटभर वाढलं गेलं. तिसरी वाट मागं जाण्याची, 'मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी'सारखी. तिथं शेवट सगळ्यांना आधीच माहीत असतो, त्यामुळे लेखकाचा एक हात बांधलेला.

नाव तेच, पण नातं काही नाही, असंही होतं. आपल्याकडचा २००५ चा 'हनुमान' आणि २००७ चा 'रिटर्न ऑफ हनुमान' घ्या. दिग्दर्शक वेगळे, कथा वेगळी. पहिला पुराणकथा सांगतो, दुसरा हनुमंताला आजच्या शाळकरी पोराच्या रूपात आणतो. याला सिक्वेल म्हणून तोलणं दोन्हींवर अन्याय.

आपण नेमका कुठला सिनेमा बघितलाय

बेळगावकडच्या वादात एक गुंता जास्तीचा आहे. चौघांनी एकच सिनेमा बघितलेला नसतो. एकानं इंग्रजीत बघितला, दुसऱ्यानं टीव्हीवर हिंदीत, आणि निपाणीच्या एखाद्यानं कोल्हापूरला जाऊन. मराठीत हे सिनेमे जवळजवळ येतच नाहीत. कन्नडमध्ये डबिंगलाच चित्रपटसृष्टीचा साठच्या दशकापासून विरोध होता. कायद्यानं बंदी नव्हती, पण डब केलेला सिनेमा लागायचा नाही. २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं हा विरोध स्पर्धेला मारक ठरवला. त्याआधी वाढलेल्या मुलांसाठी, घरी मराठी असो वा कन्नड, कार्टूनची भाषा बहुतेक हिंदीच.

डबिंग म्हणजे नुसतं भाषांतर नव्हे. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. पडद्यावरच्या पात्राचे ओठ जिथं मिटलेत तिथं यातलंच एखादं अक्षर यावं लागतं आणि वाक्य तेवढ्याच फ्रेममध्ये संपावं लागतं. हे जमवताना विनोद बदलतात, कधी स्वभावही. 'द इन्क्रेडिबल्स' हिंदीत 'हम हैं लाजवाब' झाला आणि बापाला शाहरुख खानचा, मुलाला आर्यन खानचा आवाज आला. तो ऐकलेल्या माणसाच्या मनातला बाप वेगळाच असणार. कधी चित्रही बदलतं. 'इनसाइड आउट'मध्ये लहानग्या रायलीला ब्रोकोली नको असते. जपानी आवृत्तीत तिथं ढोबळी मिरची आहे, कारण तिथली पोरं नाक मुरडतात ती तिला.

म्हणून "पहिला भारी की दुसरा" यावर बोलायच्या आधी दोन्ही भाग एकाच भाषेत बघितलेत का ते विचारावं. पहिला भाग बारा वर्षांचे असताना हिंदीत, दुसरा पंचविशीत इंग्रजीत सबटायटलसह, अशी तुलना सिनेमांची कमी आणि आपल्या वयाची जास्त होते. दोन्ही लागोपाठच्या रविवारी, एकाच भाषेत, पुन्हा बघितले तर मतं बदलतात, आणि बऱ्याचदा दुसऱ्या भागाच्या बाजूनं बदलतात.

हिशेब मांडायचा तर वहीच्या एका पानावर मावतो. सिनेमाचं नाव, लागल्याचं साल, त्यातून चार वजा केलेलं साल, तेव्हा स्टुडिओ कुणाच्या हातात होता, मूळ कथा की पुढचा भाग, थिएटरला आला की थेट घरी, आणि आपण तो कुठल्या भाषेत बघितला. भारतीय सिनेमे घातले तर एक रकाना वाढवावा लागेल, पुढचा भाग कधी जाहीर झाला याचा. २०२५ चा 'महावतार नरसिंह' कन्नड, हिंदी अशा अनेक भाषांत एकदमच आला, आणि त्याचे पुढचे भाग कोणते ते पहिला लागण्याआधीच जाहीर झालं होतं. 'झूटोपिया'चा दुसरा भाग २०२५ च्या नोव्हेंबरात आला. तो, 'टॉय स्टोरी'चा पाचवा आणि 'फ्रोझन'चा तिसरा, हे तिन्ही डिस्नेच्या प्रमुखांनी ८ फेब्रुवारी २०२३ रोजी एकाच वेळी, गुंतवणूकदारांना हिशेब देताना जाहीर केले होते. म्हणजे त्या रकान्यात तिन्ही सिनेमांसमोर एकच तारीख येईल, लागल्याचं साल वेगवेगळं असलं तरी.